दाबलेला तुकडा

तेलिआस अंगणातल्या हौदाच्या कडेवर बसून पुन्हा पुन्हा केस विंचरत होता. केस म्हणजे काय, नुकतेच वाढवायला घेतलेले, कानाखाली जेमतेम उतरलेले. पण ऐट अशी, की जणू उद्याच शत्रू समोर उभा राहणार आहे.

“अरे, पुरे आता,” क्लेओरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या कडेवर इफी होता आणि इफीच्या मुठीत तिची बट. “पंगतीला चाललायस की स्वतःच्या लग्नाला?”

“पंगत मिळाली तर लग्नही होईल, ताई.”

“आणि पोरगी कोण देणार? हे नाक बघून?”

“नाक बापाचं आहे.”

क्लेओराने इफीच्या मुठीतून बट सोडवायला घेतली. बापाचा विषय निघाला की या दोघांमध्ये असंच व्हायचं. कोणीतरी काहीतरी उचलायला वाकायचं, कोणीतरी दाराकडे बघायचं.

आमच्या स्पार्टात पुरुषाला घर असतं ते नावाला. त्याचं खरं घर म्हणजे त्याची पंगत. रोज संध्याकाळी त्याच पंधराएक माणसांत बसून तो काळं कालवण आणि जवाची भाकरी खातो, आणि लढाईत उभा राहतो तोही त्यांच्याच खांद्याला खांदा लावून. वीस वर्षांचा झालेला पोरगा कुठल्या तरी पंगतीने आत घ्यावा लागतो. नाही घेतला, तर सभेत त्याचा हात मोजत नाहीत, ढालींच्या ओळीत त्याला जागा नसते, आणि कुणाचा बाप त्याला मुलगी देत नाही. तो मेलेला नसतो इतकंच.

तेलिआसला एकाही पंगतीने बोलावलं नव्हतं. कारण बाप.

बापाने असं काय केलं होतं? दलदलीकाठच्या लढाईत त्याच्या शेजारचा माणूस मांडीत भाला घुसून खाली पडला. बापाने ढाल टाकली, त्या माणसाला पाठीवर घेतलं आणि मागच्या ऑलिव्हच्या झाडांपर्यंत नेलं. लढाई आपणच जिंकली. तो माणूसही जगला. पण ओळीत जागा रिकामी झाली, ढाल जमिनीवर पडली, आणि आमच्याकडे त्याला एकच शब्द आहे: थरथऱ्या. त्याची अर्धी दाढी भादरली, अंगावर ठिगळांची चादर दिली. वाटेत शेंबडी पोरं भेटली तरी त्याने बाजूला व्हायचं. तो जास्त वर्षं जगला नाही. ज्याला त्याने उचललं होतं तो झेनारेस मात्र लंगडत का होईना, मानाने फिरत होता. जखम समोरून झाली होती ना.

थरथऱ्याच्या मुलीशी कोणी लग्न करत नाही. अल्किमोसने केलं. क्लेओराला त्याने नदीकाठच्या शर्यतीत धावताना पाहिलं होतं. त्याचा बाप ओरडला, गाव बोललं, तो म्हणाला, बोलू देत. हे क्लेओरा कधी विसरली नव्हती. आणि आता तेलिआसचं नाव पंगतीपुढे ठेवणाराही तोच होता. त्याच्याच पंगतीत. त्यामुळे गेले काही दिवस ती नवऱ्याच्या पाण्यात मधसुद्धा जरा जास्तच घालत होती.

“कसा आहे तो? खरं सांग,” त्याने मध्यंतरी विचारलं होतं. तो अंगणात बसून ढालीच्या चामड्याला तेल चोळत होता. “मी त्याला लहानपणापासून बघतोय, पण सातव्या वर्षी पोरं घरातून कळपात नेली की आपल्याला काय कळतं?”

क्लेओराने मग त्याला डोंगरावरची गोष्ट सांगितली. भावाबद्दल तिच्यापाशी याहून चांगलं काही नव्हतंच. कळपातल्या पोरांना भर थंडीत तायगेतोस डोंगरावर सोडलं होतं. उजाडायच्या आत देवीच्या वेदीपाशी पोचायचं, शेवटी येईल त्याला फटके. ओढ्यात घसरून एका बारक्याचा पाय मोडला. सगळी पोरं पुढे निघून गेली. तेलिआसने त्याला पाठुंगळी घेतलं, सगळ्यांच्या मागून आला आणि दोघांच्या वाटचे फटके एकट्याने खाल्ले.

“हूं की चूं केलं नाही त्याने,” ती म्हणाली. सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

“आणि भाला?” अल्किमोसने विचारलं.

“भाल्याचं काय?”

“भाला कुठे होता त्याचा?”

“ओढ्यातच टाकला असेल. पाठीवर पोर, हातात भाला कसा धरणार?”

“हं,” अल्किमोस म्हणाला आणि पुन्हा तेल चोळू लागला.

तिला धास्ती होती ती झेनारेसची. तोही त्याच पंगतीत, आणि वयाने सगळ्यांत मोठा. ज्याच्या पाठीवर आपण जगलो त्याचा पोरगा रोज समोर जेवायला बसणार, हे एखाद्याला सोसणार नाही. म्हणून कौलाच्या दिवशी दुपारी ती इफीला घेऊन नदीवर गेली. म्हातारा पाय लांब करून उन्हात बसला होता.

“काका, आज भावाचा कौल आहे.”

“माहीत आहे. मी लंगडा आहे, बहिरा नाही.”

“तुमच्या मनात काय आहे?”

“वा! पंगतीत काय होणार ते बायकांना आधीच हवंय. मग तूच ये ना, बस माझ्या जागेवर. कालवण चाखलंस की उठून पळशील.”

“कालवण तुमचं लखलाभ तुम्हाला. मी भाकरीचं विचारतेय.”

त्याने इफीकडे पाहिलं. इफी वाळूत ओणवा होऊन एका किड्याच्या मागे लागला होता.

“पोरी,” तो म्हणाला, “इतकी वर्षं तुकडे टाकतोय. एकही दाबला नाही. दाबायला हवे होते असे दोन-तीन आत येऊन बसलेत, रोज समोर दिसतात, घास घशात अडकतो. जुळ्या देवांची शपथ, आजही दाबणार नाही. झालं? आता ऊन सोडून बाजूला हो.”

ती हसत घरी आली.

आमचा कौल असा असतो. वाढपी हेलोट, म्हणजे आमचा बांधील गुलाम, डोक्यावर रिकामं भांडं घेऊन पंगतीतून फिरतो. प्रत्येकाने हातातल्या मऊ भाकरीचा एक तुकडा, न बोलता, शेजाऱ्याकडे न बघता, त्यात टाकायचा. पोरगा पसंत असेल तर तुकडा तसाच टाकायचा. नको असेल तर मुठीत दाबून चपटा करायचा. एक जरी चपटा निघाला तरी पोरगा परत. कोणी दाबला, का दाबला, विचारायचं नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाला पंगतीतला सगळ्यांत मोठा माणूस दाराकडे बोट दाखवून सांगतो, यातून शब्द बाहेर जात नाही. आणि ज्याने बाहेर नेला, तो पंगतीतून उठला.

सकाळी बातमी आणली ती ग्लौकेने. ग्लौके क्लेओराच्या घरची हेलोट बाई. भांडं डोक्यावर घेऊन फिरला तो तिचा नवरा. ती चुलीपाशी आली आणि उगाच राख उकरत राहिली.

“बोल ना,” क्लेओरा म्हणाली.

“एक निघाला, बाई.”

“एकच?”

“एकच पुरतो म्हणतात.”

“कोणाचा?”

“भांडं डोक्यावर असतं, बाई. माझ्या नवऱ्याला टाळूवर डोळे असते तर दुसऱ्यांची भांडी कशाला वाहिली असती त्याने?” ग्लौकेने राखेवर फुंकर मारली. “आमचं एक बरं आहे. आम्हाला आत घ्यायचं की नाही, हा प्रश्नच कधी निघत नाही.”

अल्किमोस सकाळची धाव संपवून आला होता आणि हौदावर तोंड धूत होता. क्लेओरा त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “म्हाताऱ्याने शब्द फिरवला. देवांची शपथ घेतली होती माझ्यासमोर. झेनारेसनेच दाबला.”

“नाही,” अल्किमोस म्हणाला.

“नाही कसं?”

“त्याने नाही दाबला.”

“तुला कसं माहीत?”

ओंजळीतलं पाणी तसंच राहिलं. मग बोटांतून हळूहळू गळून गेलं.

पंधरा माणसं, पंधरा तुकडे, कोणी कोणाकडे बघायचं नाही. झेनारेसचा तुकडा कोणता हे कोणाला सांगता येणार नाही. दाबलेला तुकडा त्याचा नव्हता, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा पंगतीत एकच माणूस असू शकतो. क्लेओराला हे कळायला जितका वेळ लागला तितका वेळ तो पाठमोराच उभा होता.

“तू,” ती म्हणाली.

“यातून शब्द...”

“ते दाराला सांग. मी तुझ्या पंगतीत काय झालं ते विचारत नाहीये. तू माझ्या भावाचं काय केलंस ते विचारतेय.”

तो वळला. चेहरा ओला होता. ओशाळलेला नव्हता, दमलेला होता.

“मी तुझा भाऊ नाकारला नाही, क्लेओरा. माझ्या शेजारी उभा राहणारा माणूस नाकारला. गेल्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या हाताला फिलोन होता, आठवतो? हसरा, लाल दाढीचा. पडला. माझ्या घोट्याला धरून हाका मारत होता. मी त्याच्यावर पाय देऊन पुढे गेलो. अजून झोपेत ऐकू येतो तो मला. पण मी गेलो, म्हणून ओळ टिकली, म्हणून बाकीचे घरी आले. तेलिआस गेला नसता.”

“तुला काय माहीत तो काय करेल?”

“मी पडलो तर तो ढाल टाकून मला उचलेल.”

“मग उचलू दे ना! तू जिवंत घरी येशील!”

“अशा पाठीवर बसून नाही येणार,” अल्किमोस म्हणाला. “आणि आलो तर? झेनारेसला बघ. आणि आपल्या इफीला लोक काय म्हणतील? त्याचा आजा तसा, त्याचा मामा तसा, आणि बाप मामाच्या पाठीवर बसून आला.”

“मग नावच कशाला ठेवलंस त्याचं? सगळ्यांसमोर त्याला उभा करून...”

“तेव्हा मला वाटत नव्हतं असं. मला वाटलं, पोरगा वेगळा निघाला असेल.” तो थांबला. “ती डोंगरावरची गोष्ट तूच सांगितलीस.”

क्लेओरा हौदाच्या कडेवर टेकली.

“नाव मागे घ्यायचंस मग,” ती म्हणाली.

“मागे घेताना कारण द्यावं लागतं. काय देणार होतो, तो दयाळू आहे? तुकडा दाबायला कारण लागत नाही.” त्याने पंचा खांद्यावर टाकला. “चांगला आहे तो. तुझ्यासारखाच आहे. म्हणूनच.”

ती उठली. इफीला कडेवर घेतलं आणि भावाला शोधायला निघाली. त्याला सगळं सांगायचं, नवऱ्याचं नाव घेऊन सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पुढचं तिला दिसत नव्हतं.

पण तेलिआस त्याआधीच झेनारेसपाशी पोचला होता. तालमीच्या मैदानावर माणसांचं कडं पडलं होतं, आत झेनारेस काठीवर रेलून उभा, आणि तेलिआस त्याच्यासमोर थरथरत होता. रागाने थरथरत होता, पण बघणाऱ्यांतला एक जण दुसऱ्याला कोपराने ढोसून हसला ते तिने पाहिलं.

“माझ्या बापाच्या पाठीवरून घरी आलास,” तेलिआस ओरडत होता, “आणि त्याच्या पोराला बसायला एक वीत जागा तुझ्याने देववली नाही? म्हाताऱ्या, तुला लाज नाही?”

“आवाज खाली,” कोणीतरी म्हणालं. “वडीलधाऱ्या माणसाशी बोलतोयस.”

“हा दाबणारा नसेल तर म्हणू दे ना, मी नाही म्हणून! एवढंच म्हणू दे. मग मी दुसऱ्याकडे जातो. एकेकाच्या दारात जाईन मी. शेवटी सापडेलच ना!”

त्याची मूठ वर आली होती. वडीलधाऱ्यावर हात टाकणाऱ्याला इथे फटके मारून हद्दीबाहेर काढतात, हे त्याला माहीत होतं की नव्हतं कोण जाणे. क्लेओरा माणसांना ढकलत आत घुसली. तिचं तोंड उघडलेलं होतं. झेनारेसने मान वर केली आणि तिला पाहिलं.

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला कधीच कळणार नाही. म्हाताऱ्याने ते वाचलं हे मात्र खरं. त्याने तिच्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि काठी जमिनीवर आपटली.

“हो,” तो मोठ्याने म्हणाला. “मीच दाबला. बोल आता.”

पंगतीतले दोघे-तिघे तिथेच होते. त्यांतला एक हळूच म्हणाला, “झेनारेस, काय बोलतोयस? शब्द बाहेर काढलास.”

“काढला. म्हातारा झालो, दात गेलेत, शब्द सुटतात तोंडातून.”

“का पण?” तेलिआसचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. “मी काय केलं होतं तुमचं?”

“तुझ्या बापाने मला विचारलं होतं, उचलू का म्हणून? मी तिथे मजेत मरत होतो. चांगली समोरची जखम. गावाने गाणी म्हटली असती. उचललं त्याने. मग रोज त्याची ती अर्धी दाढी बघत जगलो. तो मेला, म्हटलं सुटलो. आणि आता तू येऊन समोर बसणार, हेच नाक घेऊन? रोज? नको रे बाबा. जा.”

यातलं खोटं किती आणि खरं किती, क्लेओराला सांगता आलं नसतं. पण पहिला शब्द खोटा होता, आणि तो खोटा आहे हे तिथे दोघांनाच ठाऊक होतं. बोलायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. अल्किमोसचं नाव घेतलं की म्हातारा सुटला असता, आणि पोरगा इथून सरळ तिच्या घराकडे गेला असता, मूठ तशीच वळलेली. मग उरलं असतं काय? भावाला जागा मिळणार नव्हतीच. नवऱ्याची गेली असती. आणि इफीची, अजून न मिळालेली. इफी तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होता. ती बोलली नाही.

तेलिआस म्हाताऱ्याच्या पायाशी थुंकला आणि कडं फोडून निघून गेला.

त्याच संध्याकाळी पंगतीने झेनारेसची जागा काढून घेतली. शब्द दाराबाहेर नेला म्हणून. कोणी हरकत घेतली नाही, अल्किमोसनेही नाही. ज्या माणसाने इतकी वर्षं प्रत्येकाला दार दाखवलं, त्याला ते इतरांनी दाखवलं. म्हातारा म्हणे उठला, भाकरीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि चावत चावतच बाहेर पडला.

तेलिआसने दक्षिणेला तैनारोनला जायचं ठरवलं. तिथे परक्या राजांचे लोक भालेवाले भाड्याने घ्यायला येतात. कोणाचा बाप कोण, हे ते विचारत नाहीत. निघायच्या आधी तो चादर न्यायला बहिणीकडे आला. तिने सुके अंजीर आणि चीज बांधून दिलं. तिने मारलेली गाठ सैल पडली, म्हणून त्याने पुन्हा मारली.

“दाजी घरी नाहीत?”

“नाहीत.”

“बरं, त्यांना सांग,” तो म्हणाला. “सगळ्या गावात एकट्यानेच माझं नाव घेतलं त्यांनी. कधी विसरणार नाही म्हणावं.”

“सांगते,” क्लेओरा म्हणाली.

“रडू नकोस गं. बघ, इफी पण बघतोय. काय रे भामट्या, मामाला विसरशील ना तू?” त्याने इफीला उंच उडवून झेललं, पुन्हा उडवलं. इफी खिदळत राहिला. मग त्याला खाली ठेवून तो निघाला, आणि वळणापर्यंत तिने पाहिलं, त्याने केस मागे सारले नाहीत, मान वळवली नाही.

त्यानंतर एकदा अल्किमोसच विषय काढून म्हणाला, “म्हाताऱ्याचं मला कोडंच आहे. खोटं कशाला बोलावं माणसाने? जागा गेली, मान गेला. काय मिळालं त्याला?”

“तुला नाही कळायचं.”

“मग तूच सांग.”

“त्याने एक शब्द बाहेर काढला, तोही खोटा. तू खरा काढलास,” ती म्हणाली. “आणि तू अजून जेवतोयस तिथे.”

“घरात बोललो मी.”

“हो,” ती म्हणाली. “घरात.”

चूक कुठे झाली हे त्याला खरंच दिसत नव्हतं, आणि ते त्याला कधीच दिसणार नाही हे तिला आता दिसत होतं. तो वाईट माणूस असता तर तिला सोपं गेलं असतं.

पंगतीची वेळ झाली होती. तो चादर गुंडाळून दाराकडे निघाला. इफी त्याच्यामागे धावला आणि उंबऱ्याला अडखळून सपशेल पालथा पडला. हनुवटी फुटली. आधी आवाजच फुटेना, मग एकदम टाहो. त्याने दोन्ही हात आईच्या दिशेने वर केले.

अल्किमोस दारात थांबला. तो इफीकडे बघत नव्हता, क्लेओराकडे बघत होता.

क्लेओरा होती तिथेच उभी राहिली. हात तिने पाठीमागे घेतले होते आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं. अजून चार-पाच वर्षं, मग कळपवाले येऊन नेतील त्याला. तिथे जो वाकतो त्याचं काय होतं, ते तिने पाहिलं होतं. कोणी उचलायला येईल अशी आशा जो धरतो, त्याचंही.

“शाबास,” अल्किमोस म्हणाला. पोराला की तिला, ते काही तो बोलला नाही. गेला.

त्याची पावलं गल्लीत विरेपर्यंत तिने वाट पाहिली. मग ती धावत पुढे झाली, गुडघ्यांवर बसली, हात पसरले. पण तोवर इफी आपला आपण उठला होता. हनुवटीचं रक्त त्याने मनगटाने पुसलं, आईच्या हातांकडे एकदा पाहिलं, आणि तिला वळसा घालून कोंबड्यांच्या मागे निघून गेला.